साच्यातली भाविका

मिथुन कासू गावचा, मिठागरवाल्यांच्या घरातला. एकच काम दोनदा करायचं म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. आणि रोह्याच्या इंटरनेटवाल्याकडे त्याला नेमकं तेच काम, गावोगावच्या नेटवर्क स्विचमध्ये तीच तीच सेटिंग भरायचं! शेवटी त्यानं पेणच्या गणपतीवाल्यांचा कित्ता गिरवला. अंग साच्यातून काढायचं, डोळे तेवढे हातानं आखायचे. सगळी सेटिंग एका टेम्प्लेटमध्ये घातली आणि गावाच्या नावाची जागा मोकळी सोडली. करून बघताना त्या जागी हळूच 'भाविका' टाकलं. भाविका समोरच्याच टेबलावर तक्रारींचे फोन घ्यायची. तिला मनातलं सांगायची मात्र याची छाती होत नव्हती.

टेम्प्लेट जमलं तसा गडी हवेत गेला, आणि नाव न पुसताच त्यानं ते सगळीकडे पाठवून दिलं. भिंतीवरच्या स्क्रीनवरल्या नकाशात पेणपासून रोह्यापर्यंत गावागणिक हिरवे ठिपके लागले. प्रत्येकाखाली एकच नाव, भाविका! ऑफिस खो खो हसत सुटलं.

"बदलतो गो, आत्ता बदलतो!" मिथुनचे कान लालबुंद झाले.

भाविका उठली, नकाशापाशी गेली आणि कासूच्या ठिपक्यावर तिनं बोट ठेवलं.

"बाकीची बदल. ह्याचं ऱ्हाऊ दे."