मंगळवारची फेरी

सात सरकारी खात्यांच्या एकसष्ट गाड्या एका आवारात आणायच्या आणि सगळ्यांवर एकच माणूस नेमायचा, असं वर ठरलं, तेव्हा ती माळ मोजपट्टीच्या गळ्यात पडली. हे नाव कचेरीनं ठेवलेलं, कारण तो टाचण्यासुद्धा मोजून द्यायचा. माणूस वाईट नव्हता. कामसू होता, पण सगळं आपल्यालाच कळतं, हे दुखणं त्याला जडलेलं होतं.

तोवर प्रत्येक खात्याची गाडी आपापल्या दारात दिवसदिवस उन्हात तापत उभी असायची. मोजपट्टीनं नियम केला: आदल्या दिवशी चारच्या आत छापील मागणी आली तरच गाडी. महिन्याभरात रिकाम्या गाड्या निम्म्यावर आल्या. वरून कौतुकाचं पत्र आलं, ते त्यानं बायकोला दोनदा वाचून दाखवलं.

मग चालकांची बैठक झाली. त्यात आरोग्य खात्याचे म्हातारे चालक उभे राहिले. सगळे त्यांना काका म्हणत. निवृत्तीला आठ महिने उरले होते.

"साहेब, दर मंगळवारी मी वर डोंगरातल्या चार दवाखान्यांतून रक्ताचे नमुने आणतो, बर्फाच्या पेट्यांतून. कागदावर कुठंच नाही ते. पण तिथल्या नर्सबाई वाट बघतात."

"काका, कागदावर नाही म्हणजे ती फेरी नव्हे, तुमची सवय आहे," मोजपट्टी म्हणाला.

सगळे खो खो हसले. काका खाली बसले.

त्या मंगळवारी काकांची गाडी शिक्षण खात्यानं रीतसर मागणी भरून नेली, समारंभाच्या खुर्च्या वाहायला. वर पेट्यांतला बर्फ वितळला. त्रेचाळीस बायकांचे नमुने वाया गेले. त्यातल्या पोटुश्यांनाही दवाखान्याची चढण पुन्हा चढावी लागली. चौकशी लागली.

मोजपट्टी खुलासा लिहायला बसला. खरी गोष्ट एका ओळीची होती: मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. पण ती ओळ काही केल्या हातून उतरेना. शेवटी त्यानं लिहिलं, 'चालकाने या फेरीची पूर्वकल्पना दिली नाही.' बैठकीत हसलेल्यांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. साहेबाशी वाकडं कोण घेणार? काका निलंबित झाले.

त्यानंतर मोजपट्टीला घास गोड लागेना. दाढी करताना तो आरशात स्वतःच्या डोळ्यांकडे बघेनासा झाला. दोन आठवडे असे काढून, एका बुधवारी रजा टाकून तो काकांच्या घरी गेला.

काकू पाणी घेऊन आल्या. "बरं झालं आलात. हे म्हणत होते, साहेब होते म्हणून निलंबनावर भागलं, नाहीतर नोकरीच गेली असती."

काका जमिनीकडे बघत होते. या माणसानं स्वतःच्या घरातसुद्धा त्याची अब्रू झाकून ठेवली होती! मोजपट्टीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काकू, खोटं आहे ते," तो म्हणाला. "यांनी मला सगळं सांगितलं होतं. सांगितलं नाही असं मीच लिहून दिलं. उद्या मी खरं काय ते लेखी देतो, माझं काय व्हायचं ते होवो."

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्याच्या हातातला भरलेला ग्लास त्यांनी काढून घेतला आणि आत गेल्या.

"लेखी द्यायचं तुमचं तुम्ही बघा, साहेब," काका म्हणाले. "काल मंगळवार होता. वर गाडी कोण घेऊन गेलं?"

 खुलासा, चौकशी आणि स्वतःची लाज यांतच मोजपट्टीचे दोन आठवडे गेले होते. नर्सबाईंचे निरोप टेबलावर तसेच पडून होते. ती फेरी त्यानं अजून कुणालाच नेमून दिली नव्हती.

"कुणी नाही," तो म्हणाला.

"आणि त्याच्या आधीच्या मंगळवारी?"

"तेव्हाही कुणी नाही, काका."