कांबळेमधला ळ

दौंडच्या फलाटावर बनारसची गाडी लागली तेव्हा आईनं भाकरीचं गाठोडं माझ्या हातात कोंबलं आणि बाबा खिडकीपाशी येऊन उभे राहिले. बाबा बार्शी डेपोत एसटीचे वाहक. गर्दीत आवाज कसा लावायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको. पण त्या दिवशी हळू म्हणाले, "कुणी नाव विचारलं तर निम्मं सांगायचं नाही. शीतल विठ्ठल कांबळे, पुरं सांगायचं." आई लगेच म्हणाली, "अन् नाही विचारलं तर आपणहून सांगत बसू नको."

प्राची, माझ्यासारखीच तूही पुढच्या महिन्यात घर सोडून डिझाइन शिकायला निघणार आहेस. परवा फोनवर विचारलंस, "ताई, इन्स्टावर कामाचं अकाउंट काढतेय, आडनाव लावू का नको?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. नीट उत्तर आता देते. तुला, आणि आपल्यातले जे जे बाहेर पडले त्यांनाही.

बनारसला पोचले. बालाजी घाटामागच्या गल्ल्यांत जुनी मराठी घरं आहेत असं कळलं, म्हणून खोली बघायला तिकडे गेले. पहिल्याच दारावर 'कमरा खाली है' अशी पाटी. आतले गृहस्थ मराठी ऐकून हरखले. "बार्शीची का? म्हणजे आपलंच माणूस," म्हणत त्यांनी पाणी आणलं. मग आडनाव विचारलं. मी पुरं नाव सांगितलं. ते पेल्याकडे बघत म्हणाले, "कमरा तर आहे, पण भाचा येणार आहे." ती पाटी पुढे महिनाभर लटकत होती. भाचा मी अजून पाहिलेला नाही.

चार दारं पुढे विमलकाकू राहतात. शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या, आणि कित्येक पिढ्या बनारसच्या. त्यांचं मराठी मला सुरुवातीला उमगायचंच नाही. "जूते तिथंच उतार, आधी नहाऊन घे, फिर बोलू." नाव त्यांनीही विचारलं. माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "ऊपरचा कमरा घे. बंदर येतात, खिडकी बंद ठेवायची." पहिले दोन महिने माझा चहाचा कप वेगळा होता. मग कधीतरी तो बाकीच्या कपांत मिसळला. त्यांनी माफी मागितली नाही, मीही विषय काढला नाही. काकूंवर माझा जीव आहे आणि त्या कपाचा रागही आहे. दोन्ही राहू देत.

तिसऱ्या वर्षी सरांनी प्रोजेक्ट दिला: स्वतःचा ब्रँड तयार करा. नाव, चिन्ह, रंग, व्हिजिटिंग कार्ड, सगळं. शेवटी बाहेरचे परीक्षक येणार होते. मी महिनाभर एकाच शब्दाशी झटत होते: कांबळे. त्यातला ळ काढणं अवघड. शिरोरेषेखाली दोन वाटोळी पोटं लोंबतात, एक जरा मोठं झालं की सगळा शब्द कलतो. शंभरेक कागद वाया घालवल्यावर तो स्थिर उभा राहिला. हिंदीत हे अक्षर नाही. म्हणूनच मला वाटलं, हेच माझं चिन्ह.

सरांनी कागद हातात घेतला. "ये ळ यहाँ कौन पढ़ेगा?" मग आवाज खाली आणून, समजुतीच्या सुरात: "शीतल अच्छा नाम है. कांबले हटा दो. ब्रँड में जाति क्यों लाना?"

माझ्या शेजारच्या टेबलावर एका मुलाचा 'त्रिपाठी स्टुडिओ' होता. त्याला सर म्हणाले होते, "वाह, इसमें विरासत दिखती है." त्याच्या आडनावात विरासत आणि माझ्या आडनावात जात. वर्गात पंचवीस जण होते, कुणालाही त्यात काही खटकलं नाही. आणि खरं सांगते प्राची, मीसुद्धा मान डोलावली. सरांनीच नाव सुचवलं, 'शीतल काशी'. भगवा रंग, एक दिवा, खाली पाण्याची लाट. चार दिवसांत झालं. त्यात माझं काहीच नव्हतं, म्हणून भराभर झालं. सरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि पोस्टर विभागाच्या व्हरांड्यात लावलं.

मी फोटो घरी पाठवला. संध्याकाळी बाबांचा फोन आला. "बघितलं. झकास आहे." मग म्हणाले, "कुणाचं आहे?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी म्हणाले, "मैत्रिणीचं." फोन ठेवला आणि त्या दिव्याची, त्या लाटेची, सगळ्यात जास्त माझीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात विचारलं, "सर, त्रिपाठी क्यों नहीं हटवाया?" सर म्हणाले, "तुम बात को कहाँ ले जा रही हो?" बात मी कुठेच नेत नव्हते, ती आधीपासून तिथेच बसली होती. परीक्षकांसमोर मी 'कांबळे'चे जुने कागद मांडले. परीक्षकांतल्या एका बाईंनी विचारलं, "इसे बोलते कैसे हैं?" मी सांगितलं, जीभ मागे वळवा, टाळूला लावा. त्या दोनदा चुकल्या, तिसऱ्यांदा जमलं. मागे सर भिंतीकडे बघत उभे होते. आमच्या वर्गात सगळ्यात कमी ग्रेड मला मिळाली. 'शीतल काशी' मात्र नव्या मुलांना नमुना म्हणून व्हरांड्यात तसंच राहिलं. काढून मागितलं तर उत्तर आलं, ते आता विभागाचं आहे. मागच्या वर्षी गेले होते, अजून आहे. माझं नसलेलं नाव तिथे फ्रेममध्ये आहे, आणि दर वर्षी कुणीतरी ते बघून शिकतंय.

कॉलेज संपलं, मी इथेच राहिले. मिठाईची खोकी, साड्यांची लेबलं, एका दवाखान्याच्या पाट्या, अशी कामं करते. सगळ्यांच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत कांबळे असतं. एक-दोन गिऱ्हाइकं त्यावरून परत गेली. त्यांनी कारण दिलं नाही, द्यायची गरजही नव्हती.

तेव्हा लाव आडनाव. सोपं जाईल असं मी म्हणत नाही. पण निम्मं नाव टिकवायला जेवढी मेहनत लागते, तेवढ्यात पुरं नाव चालवता येतं, हे मी करून बघितलंय.

यंदा काकू म्हणाल्या, "दारावर तुझं पण नाव लिही ना. डाकिया रोज खालून चिल्लावतो." मी निळ्या रंगात लिहिलं, त्यांच्या नावाखाली, त्याच मापात. तरी परवा पोस्टमन दारात उभा राहून ओरडला, "कामले जी का पार्सल." मी जिन्यात होते. मी काही बोलायच्या आधीच आतून, स्वयंपाकघरातून, काकूंचा मास्तरणीचा आवाज आला, "कामले नहीं, भइया. कांबळे. ळ. फिर से बोलो."

तो पुन्हा म्हणेपर्यंत काकूंनी पार्सल घेतलं नाही. बार्शीला मी वर्षातून एकदा जाते आणि तिथं पोचले की घरी आले असं म्हणते. पण त्या दिवशी जिन्यात उभी राहून ऐकताना पहिल्यांदा वाटलं की घरी असण्यासाठी आता मला गाडीत बसायची गरज नाही.