पाच एमबीत न मावणारं कुंकू

भोरच्या एसटी स्टँडसमोरच्या आपल्या दुकानात जलालने शेफालीचा प्रबंध इतका बारीक करून दिला, की त्यातला हिरडाच नाहीसा झाला.

प्रबंध वेल्ह्याच्या डोंगरातल्या औषधी झाडांवरचा, इंग्रजीतला. मूळ फाईल व्हायरसने पेनड्राईव्हसकट गिळलेली. उरली होती ती छापलेली एकुलती एक प्रत. बाहेरच्या राज्यातल्या एका संस्थेत शेफालीला पुढे शिकायची जागा मिळण्यासारखी होती. त्यांची अट अशी, की प्रबंध स्कॅन करून पाठवा, फाईल पाच एमबीच्या आत ठेवा, आणि शोधला तो शब्द तीत सापडला पाहिजे.

जलालने रंगीत स्कॅन केलं तर फाईल झाली म्हशीएवढी. मग त्याने आधी पानांची चित्रं दाबून दाबून पातळ केली आणि त्या पिचलेल्या अक्षरांवरून संगणकाला मजकूर वाचायला बसवलं. संगणकानेही वाचला, चष्मा घरी विसरलेल्या माणसाने एसटीची पाटी वाचावी तसा. स्कॅनची चित्रं जागा खातात म्हणून जलालने तीही उडवून टाकली, आणि फाईलच्या सीडीसकट प्रबंध शेफालीच्या आजोबांच्या, कोंडिबातात्यांच्या हाती गावी, वरव्याला परत पाठवला. पाठवताना वर एक वाक्यही ठेवून दिलं, "जपून न्या तात्या, ही पोरीची सरस्वती आहे."

दोन्ही गोष्टी अंगाशी आल्या.

सीडी लावल्यावर शेफालीने आधी हिरड्याचं शास्त्रीय नाव शोधलं. सापडेना. बेहडा शोधला, तोही नाही. ती तडक दुकानात आली.

"जलालभाई, पाच एमबीत बसवलंत खरं, पण सगळी जंगलतोड केलीत की!"

लॅमिनेशनच्या मशीनवर बसलेल्या त्याच्या बायकोने, खुर्शिदाने मान वर केली नाही. "ह्यांनी एका पत्रिकेतून नवरीचं नाव गाळलं होतं. झाडांचं काय घेऊन बसलीस?"

"ते किती वर्षं काढणार आहेस?" जलाल म्हणाला.

"नवरी विसरेपर्यंत."

मुदत दोन दिवसांवर आलेली. प्रबंध पुन्हा स्कॅन करायचा म्हणून निरोप गेला आणि कोंडिबातात्या पिशवी छातीशी धरून हजर झाले. जलालने पहिलं पान उघडलं. त्यावर हळद-कुंकू. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, शेवटच्यावरही. मधल्या काळात दसरा होऊन गेला होता.

"तात्या, सगळ्या पानांवर?"

"मग? तूच म्हनला सरस्वती हाय. आता कंच्या पानात इद्या बसलीय ते मला काय ठावं? एकाला लावायचं आन् दुसऱ्याला न्हाई, बरं दिसतं का?"

शेफालीने कपाळाला हात लावला. खुर्शिदा मात्र मनापासून हसली. सरस्वतीची जाहिरात कोणी केली होती ते तिला माहीत होतं.

फाईल लहान हवी म्हणजे पानं काळी-पांढरी करायला हवीत. पण तशी करताच कुंकवाच्या जागी काळाकुट्ट डाग उमटला आणि खालची ओळ गिळून बसला. रंगीत ठेवावं तर पुन्हा म्हैस. जलाल खुर्चीत मागे रेलला.

संगणकाच्या आधीपासून तो लग्नपत्रिका छापत आला होता. रंगीत चित्राचे संगणकात तीन थर असतात, लाल, हिरवा आणि निळा, हे त्याला पत्रिकेवरच्या गणपतीने शिकवलं होतं. पहिल्यांदा त्याने नुसता लाल थर उघडला, तेव्हा शेंदरी गणपती पांढऱ्या कागदात विरून गेला होता आणि भर सीझनमध्ये जलालला घाम फुटला होता.

"अगं, गणपती!" तो एकदम ओरडला.

"आता त्यांना कशाला बोलावताय?" खुर्शिदा म्हणाली.

त्याने पान मोठं, स्वच्छ, रंगीत स्कॅन केलं आणि फक्त लाल थर ठेवला. कुंकू गेलं, हळद गेली, खालची काळी अक्षरं जशीच्या तशी. यावेळी उलटी वाट धरली. आधी त्या ठसठशीत अक्षरांवरून मजकूर वाचून घेतला. संगणक अडखळला तिथे शेफालीने शेजारी बसून एकेक झाड सरळ केलं. लॅटिन नावं तिला घरच्या शेळ्यांसारखी ओळखीची. मजकूर पक्का झाल्यावरच जलालने पानांची चित्रं काळी-पांढरी करून हलकी केली आणि त्यांच्यामागे तो मजकूर जोडला. फाईल पाच एमबीच्या बरीच आत आली. शेफालीने हिरडा शोधला आणि पडद्यावर हिरडाच हिरडा झाला.

"आता लागलं बघा जंगल," ती म्हणाली, आणि तिथूनच फाईल पाठवली.

कोंडिबातात्यांनी मात्र पडदा जवळून पाहिला. "लेका, कुंकू पुसलं व्हय रं?"

"पुसलं नाही तात्या, कागदावर आहे तसंच आहे. तुम्हाला पहिल्या पानाची रंगीत प्रत काढून देतो, कुंकवासकट. चौकटीत घालून."

शेफालीला जागा मिळाली. पेढे आले, त्यातले निम्मे खुर्शिदाने नवरीच्या नावाने बाजूला काढले. जलालच्या दुकानात प्रबंध घेऊन येणारेही वाढले, आणि आता तो गिऱ्हाइकाला आधी विचारतो, "पूजा झालीय का?" कोणी उगाच हसतं, कोणी ओशाळून हो म्हणतं.

एवढं सगळं मार्गी लागलं, पण बाजाराच्या दिवशी वरव्याची एसटी येऊन थांबली, की जलाल अजून काउंटरखाली काहीतरी शोधायला लागतो.

"जलालभाय, माजं कुंकू?"

"लाल शाई संपलीय तात्या. पुढच्या बाजारी नक्की."