दारात उपाशी बसणारा साहेब

चोराला बोटही न लावता त्याच्या अख्ख्या घराची झोप उडवावी, तर ती आमच्या ठाण्याच्या गोऱ्या पोलीस साहेबांनीच. स्कॉटलंडहून आलेला हा उंच, लालबुंद माणूस ज्याचा संशय येई त्याच्या ओट्यावर वेताची खुर्ची मांडून बसे आणि चोरीचा माल निघेपर्यंत अन्नाला शिवत नसे. धरणं धरायची ही आपली रीत त्यांनी कुठं पाहिली होती, कोण जाणे. मराठी ते चेंदणी कोळीवाड्यातल्या कोळणींकडून शिकले होते. त्यामुळे मामलेदारांनाही "कवा आलास?" असं विचारत आणि मामलेदार बिचारे घाम पुसत बसत. उन्हाळ्यात साहेब टोपी न काढता तलावात गळ्यापर्यंत बुडून राहत आणि काठावरचे सलाम तिथूनच घेत. बाकीच्या गोऱ्यांनी त्यांना केव्हाच वाळीत टाकलं होतं.

एका सकाळी ती खुर्ची आमच्याच ओट्यावर आली. आदल्या रात्री देवीचा चांदीचा मुकुट नाहीसा झाला होता आणि देवळात सांजवात लावायचं काम माझ्या काकांकडे होतं. मी नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो. काकांना बेड्या पडल्या तर माझी नोकरी, बहिणीचं ठरत आलेलं लग्न, सगळंच बुडणार होतं. काका माजघरात भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुपारी आईनं दाराआडून विचारलं, "साहेब, निदान दूध तरी घ्याल का?"

"मना भूक नाय, बाय," साहेब म्हणाले. त्यांचे ओठ सुकले होते.

आईनं आत येऊन चूल विझवली. म्हणाली, "दारात माणूस उपाशी आहे. मला घास गिळवणार नाही." मग कोणीच जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हात साहेबांची मान लटकू लागली. गोरा आमच्या ओट्यावर मेला तर सगळ्यांनाच फासावर चढवतील, असं मला वाटू लागलं. आई मात्र काकांसमोर जाऊन बसली आणि हलकेच म्हणाली, "भावोजी, त्या माणसाला घेरी येतेय."

काका उठले, गोठ्यात गेले आणि कडब्याखालून मुकुट काढून घेऊन आले. पुजाऱ्यानं चारचौघांत त्यांचा अपमान केला होता; त्याच्यावर आळ यावा म्हणून त्यांनी तो लपवला होता. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "यो चोर नाय. रागावलाय," एवढंच म्हणाले. मग काकांना देवळात नेऊन पुजाऱ्याचे पाय धरायला लावले आणि प्रकरण तिथंच मिटवलं. परतल्यावर आईनं पत्रावळीवर वाढलेला आमटीभात ते खाली मान घालून जेवले. मध्येच त्यांचे डोळे भरून आले. आमटी तिखट होती, पण तेवढंच कारण नसावं.

त्यानंतर ते सणावारी येत, काकांशी सोंगट्या खेळत आणि खेळताना बिनदिक्कत लबाडी करत.

पुढं त्यांना मायदेशी जायची आज्ञा झाली. काका आणि मी स्टेशनवर गेलो. निरोप द्यायला तिसरं कोणी नव्हतं. काका म्हणाले, "आता आपल्या माणसांत जाल, साहेब."

साहेबांनी रुळांकडे पाहिलं. "आई गेली, भाऊ गेला," ते म्हणाले. "तिकरं मना वलखनारा कोन हाय?"

काकांनी आपलं उपरणं काढून साहेबांच्या खांद्यावर घातलं. साहेबांनी ते छातीशी घट्ट धरलं आणि आमच्याकडे न पाहता डब्यात चढले.