चौथं मत

ग्रीक लोकांशी माझं काही भांडण नव्हतं. शाळेत त्यांच्याबद्दल जे काही होतं ते परीक्षेपुरतं पाठ केलं आणि विसरले. चाळिशी उलटल्यावर, तेही सिंगापूरमध्ये, शनिवारची सकाळ मोडून त्यांच्या मागे लागायची हौस माझी नव्हतीच. ती दादाची.

दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ नव्हे. चांगी बिझनेस पार्कमधल्या आमच्या ऑफिसात आठ जणांची टीम होती आणि तिच्यात आम्ही पाच मराठी: दादा, मी, कोथरूडचा एक, ठाण्याचा एक आणि नाशिकची एक. दादा वयानं सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांच्या आधी इथे आलेला. मी आले तेव्हा टॅम्पिनीसमधला फ्लॅट त्यानंच शोधून दिला, सामान लागेपर्यंत वहिनींच्या हातचा डबा आला, आणि त्यांची मुलगी मला आत्या म्हणायला लागली. परक्या देशात असं नातं पटकन जुळतं आणि आपण ते गृहीत धरून बसतो.

आमच्यात एक सवय होती. गणपतीची आरास असो, कुणाला तरी विमानतळावरून आणायचं असो, पिकनिकला पहाटे जाऊन जागा धरायची असो, यादी फिरायला लागली की सगळे आपापल्या फोनमध्ये डोकं घालायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "लिहा दादाचं नाव." सगळे हसायचे आणि नाव लिहिलं जायचं. त्याला विचारायची कुणाला गरजच वाटायची नाही. तो एकदाही कुरकुरला नाही, आणि मीही त्या हसणाऱ्यांतलीच होते.

त्या वर्षी दादाला स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती. मुलीची ओ लेव्हलची, म्हणजे इथली दहावीची, परीक्षा ऑक्टोबरात सुरू होणार होती, ती नीट पार पडावी. त्यानंतर इथे राहू नाहीतर पुण्याला जाऊ, म्हणायचा, मला दोन्ही सारखंच. पण वहिनींचा आणि मुलीचा इथे राहायचा सरकारी पास त्याच्या पासला जोडलेला, आणि त्याचा पास नोकरीला जोडलेला. एक खुंटी निखळली की सगळेच कपडे खाली. हे आम्हा पाचही जणांना पक्कं ठाऊक होतं.

तर ग्रीक. तोआ पायोहमध्ये हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजाराच्या, मागे एका इमारतीत दर शनिवारी त्यांच्यावर वर्ग भरायचा. शिकवायला सत्तरीची एक निवृत्त चिनी शिक्षिका होती. पांढरे आखूड केस, पायात पळायचे बूट, आणि तोंड फटकळ. माझं तिच्याशी लगेच जमलं. सिटी हॉलजवळच्या जुन्या सरकारी इमारतींचे खांब पाहिलेत का, तिनं पहिल्याच दिवशी विचारलं. ते इंग्रजांनी आणले, पण इंग्रजांच्या अंगणात खांब उगवत नव्हते, ते त्यांनी कुणाकडून घेतले? मग ती एकेक मोजायला लागली. तुम्ही मत देता, पंचांसमोर खटला चालवता, नाटकाला जाता, डॉक्टर शपथ घेतो, मुलं भूमितीत नापास होतात. सगळं तिथून आलं, लाह, असं इथल्या बोलीतलं शेपूट लावून ती म्हणाली. पश्चिमेची माणसं आजही आरशात बघतात तेव्हा त्यांना स्वतःत ग्रीकच दिसतो, असं तिचं म्हणणं होतं. दादा वहीत भराभर उतरवून घ्यायचा.

एका शनिवारी तिनं पिशवीतून फुटक्या कुंडीचे तुकडे टेबलावर ओतले. अथेन्समध्ये वर्षातून एकदा लोक असा खापराचा तुकडा घ्यायचे, तिनं सांगितलं, आणि त्यावर एक नाव कोरायचे. पुरेशी खापरं जमली की ज्याचं नाव सगळ्यांत जास्त, त्यानं दहा दिवसांत शहर सोडायचं. दहा वर्षं परत यायचं नाही.

"पण त्यानं गुन्हा काय केलेला असायचा?" दादानं इंग्रजीत विचारलं.

"नो क्राइम," ती म्हणाली. "क्राइम नॉट नीडेड. ओन्ली नेम."

मग तिनं आम्हा सगळ्यांना एकेक तुकडा आणि मार्कर दिला. वर्गातल्या कुणाचंही नाव लिहा, म्हणाली. मला तिथे एकाच माणसाचं नाव माहीत होतं. मी ते लिहिलं. दादानं डोकावून पाहिलं आणि खो खो हसला. "वा! बहिणीनंच घालवलं." त्याचा स्वतःचा तुकडा कोराच होता. मोजणी झाली तर कुणालाच पुरेशी मतं नव्हती. सगळे राहा, ती म्हणाली, आणि तुकडे गोळा करता करता अजून एक गोष्ट तिनं सांगितली. तिकडे एका विहिरीत अशा खापरांचा ढीग सापडला. सगळ्यांवर एकाच माणसाचं नाव, पण अक्षर बघावं तर मोजक्याच हातांचं. कुणीतरी आधीच बसून नावं कोरून ठेवली होती, वाटायला.

परतताना आम्ही एमआरटीच्या गाडीत बसलो. दादा म्हणाला, "आरोप नाही, बाजू मांडायची सोय नाही. ज्यांनी जगाला कोर्ट शिकवलं, त्यांनीच हे केलं गं." मी म्हटलं, अडीच हजार वर्षं झाली, आता कशाला जीव जाळतोस.

त्याच सुमाराला ऑफिसात काहीतरी बिनसायला लागलं. खालच्या मजल्यावरच्या एका माणसाचं कार्ड एका मंगळवारी गेटला चाललं नाही. मशीन बिघडलं, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांचं चाललं नाही, आणि मशीन बिघडलंय असं कुणी म्हणालं नाही. टेबलं रिकामी व्हायला लागली, पण वस्तू तशाच राहायच्या. कुणाचा स्वेटर खुर्चीवर, कुणाचं मनीप्लांट. सफाईवाली बाई त्या मनीप्लांटला रोज पाणी घालायची. मला ते बघवत नसे, म्हणून मी लांबच्या जिन्यानं जायला लागले.

ऑगस्टच्या मध्यावर आमचा वरिष्ठ लंडनहून पडद्यावर आला. गोड माणूस. टीममधला एक कमी करावा लागेल, पण हा निर्णय त्याला वरून लादायचा नव्हता. आम्ही लोकशाही मानणारी माणसं आहोत, म्हणाला. सगळ्यांना एक फॉर्म येईल, त्यात आपलं नाव कुणाला दिसणार नाही, आणि एकच प्रश्न असेल: कुणावाचून टीमचं काम सगळ्यांत कमी अडेल? हा फक्त कौल आहे, निर्णय नव्हे, असं त्यानं दोनदा सांगितलं. दोनदा सांगितलं तेव्हाच मला ते खरं वाटेनासं झालं.

दुपारी आम्ही पाचही जण जेवायला बाहेर गेलो. दादाचं ताट तसंच पुढे होतं.

"हे खापरच आहे," तो मला म्हणाला. मग बाकीच्यांना त्यानं सगळं सांगितलं, अथेन्स, विहीर, दहा दिवस. "आपण कुणाचंच नाव लिहायचं नाही. पाचही जणांनी कोरं पाठवायचं. पाच कोरे आले की त्यांना कळेल."

"एकदम बरोबर," कोथरूडचा म्हणाला.

"दादा म्हणेल तसं," नाशिकची म्हणाली. ठाण्याच्यानं मान डोलावली. मीही डोलावली. मला खरंच बरं वाटलं होतं, ते खोटं नव्हतं.

फॉर्म शुक्रवारी आला, चारपर्यंत भरायचा होता. मी रकाना कोरा ठेवून बटण दाबलं. रकान्याशेजारी लाल चांदणी उमटली: हे भरणं आवश्यक आहे. पुन्हा दाबलं, पुन्हा चांदणी. पावणेचार झाले. दादाला विचारावं म्हणून वर पाहिलं तर तो जागेवर नव्हता. नंतर कळलं, त्याच वेळी त्यानं वरिष्ठाला सरळ मेल केली होती की मला मत द्यायचं नाही, काय ते समजून घ्या. एवढी साधी गोष्ट आम्हा बाकीच्यांना सुचली नाही. खरं तर मला सुचली होती, पण तसं लिहून नजरेत कशाला या, असं वाटलं.

मग मी विचार केला, आणि तो विचार मला आजही शब्दन् शब्द आठवतो. कुणाचंही नाव लिहिलं तर त्याचं बरंवाईट होणार. म्हणजे ज्याला कुणीच घालवणार नाही, अशाचं लिहावं, म्हणजे मत वाया जाईल. टीमचं पान ज्याच्यावाचून हलत नाही असा एकच होता. त्यातून घरचा माणूस, कळलं तरी हसेल. हात सवयीनंच चालला. मी दादाचं नाव लिहिलं. चांदणी गेली आणि हिरवी खूण आली.

सोमवारी पँट्रीत आमच्या टीममधली तमिळ सिंगापुरी बाई भेटली. आम्ही मराठी सोडून टीममध्ये तिघंच: ती, एक मलेशियन आणि एक फिलिपिनो. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाली, "यू नो ऑर नॉट, वुई थ्री ऑल रोट द बॉस नेम. लेट हिम गो, लाह!" आम्ही दोघी खूप हसलो.

गुरुवारी दादाला काचेच्या खोलीत बोलावलं. पडदे ओढलेले होते. वीस मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा त्याच्याबरोबर सुरक्षारक्षक होता आणि हातात पुठ्ठ्याचा खोका. त्यानं आमच्याकडे बघून हात केला, रोज घरी जाताना करायचा तसाच. मी उठून उभी राहिले, पण पाय पुढे टाकला नाही.

पास रद्द झाल्यावर तीस दिवस मिळतात. अथेन्सच्या मानानं उदारच म्हणायचे. ते सप्टेंबरात संपणार होते आणि परीक्षा ऑक्टोबरात. मुलीसाठी वेगळ्या पासचा अर्ज केला, तो नामंजूर झाला. वहिनींनी पुण्यातल्या शाळांना फोन केले, तर आता मध्येच कसं घेणार, वर्ष जाईल, असं सगळीकडून उत्तर आलं. हे मला वहिनीच सांगायच्या, रोज, कारण त्यांना माझ्याजवळ मन मोकळं करावंसं वाटायचं. मी हूं हूं करत ऐकायची. अन्न गोड लागत नव्हतं. आपलं एक मत वाया गेलंय, बाकीची कुणाची तरी होती, असं मी स्वतःला बजावत होते.

निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही चौघं त्याच्याकडे गेलो. भिंतीला लागून बॅगा होत्या, पडदे काढलेले होते, आणि बोललेलं घुमत होतं. मुलगी तिच्या खोलीत दार लोटून बसली होती. वहिनींनी चहा दिला. नाशिकची रडायला लागली तर वहिनीच तिची समजूत काढत बसल्या.

"मला त्यांनी आकडा सांगितला," दादा एकदम म्हणाला. "पारदर्शकता म्हणे. बाकी कुणाला किती ते नाही, फक्त माझा. चार."



"मी तर दिलंच नाही. म्हणजे सात मतं. तमिळ बाई, मलेशियन, फिलिपिनो, ती तीन मी समजू शकतो. त्यांचा माझा काय संबंध?" तो बोटांवर मोजत होता. "पण चौथं मत कुणाचं रे?"

मी बशीकडे पाहत होते. मला ती तीन मतं कुठे गेली ते माहीत होतं. त्या खोलीत ते माझ्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं. मी मान वर केली. कोथरूडचा बॅगांकडे बघत होता, ठाण्याचा कप ओठाला लावून तसाच थांबला होता, नाशिकचीचं रडणं बंद झालं होतं. ती चारही मतं इथे बसून चहा पीत होती. आणि प्रत्येकाला वाटत होतं, तो चौथा मीच.

"माझं," मी म्हटलं. "मी लिहिलं, दादा. वाया जाईल म्हणून लिहिलं."

मला वाटलं, आता दुसरं कुणी बोलेल. मी वाट पाहिली.

"ताई, तुम्ही?" नाशिकची म्हणाली. "असं करवलं तरी कसं तुम्हाला?"

"आपलं ठरलं होतं ना कोरं पाठवायचं," कोथरूडचा म्हणाला. ठाण्याच्यानं कप खाली ठेवला आणि मान हलवली.

मला संताप आला. असा संताप की कानशिलं तापली. एक वाक्य पुरलं असतं: त्या तिघांनी बॉसचं नाव लिहिलं होतं. दादा हिशेबाला पक्का, पुढचं त्यानंच मोजलं असतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो त्या तिघांकडे बघत होता, डोळे भरून, आणि ठाण्याच्याच्या गुडघ्यावर त्यानं हात ठेवला होता. इतक्या वर्षांचं त्याचं इथलं जे काही उरलं होतं ते त्या सोफ्यावर बसलेलं होतं. मी तोंड मिटलं.

वहिनी म्हणाल्या, "तू नीघ आता." आवाज चढवला नाही, कप मात्र माझ्या हातातून काढून घेतला.

मी दाराशी चपला घालत होते तेव्हा मुलगी खोलीतून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. हातात पेन तसंच होतं, अजून अभ्यास करत होती की काय कोण जाणे.

"आत्या," तिनं विचारलं, "यू न्यू अबाउट माय एक्झाम, राइट?"

"हो," मी म्हटलं. "माहीत होतं."

तिनं दार लावून घेतलं.