उताऱ्यात नसलेलं वाक्य

चार वह्यांत एकच वाक्य होतं, आणि ते उताऱ्यात नव्हतं. ‘आठवी पायरी दिसली की मागं फिरायचं.’

मी भुईगावजवळच्या शाळेत नववीला मराठी शिकवते. सारांश शिकवायची माझी पद्धत साधी आहे. उतारा दोनदा वाचायचा आणि कागद दप्तरात टाकायचा. मग शेजारच्याला तो घरच्या बोलीत सांगायचा, आणि शेवटी एक तृतीयांश शब्दांत लिहायचा. कागद समोर असला की पोरं आयती वाक्यं उचलतात. नसला की झक मारत स्वतःची वापरतात. नियम एकच, पदरचं काही घालायचं नाही.

त्या दिवशीचा उतारा मीच लिहिला होता, गावातल्या बावखलावर. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. याला दगडी पायऱ्या आहेत, एवढंच मी लिहिलं होतं. त्या किती, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मुख्याध्यापक सरांनी वह्या पाहिल्या. “सरळ कॉपी आहे, मॅडम. चौघांना शून्य द्या. उद्या पालकांना बोलवा.”

चौघांत दर्शना होती. शाळेतून आणखी एक तक्रार आली तर पोरीला सातिवलीच्या पॅकिंगच्या गाळ्यात कामाला लावीन, असं तिच्या बापानं मला तोंडावर सांगितलं होतं. आणि तो बोलला की करणारा माणूस.

“सर, एकदा तपासू द्या,” मी म्हटलं.

चौघांना चार खोल्यांत बसवलं. उतारा तोच, फक्त पायऱ्यांचं वाक्य काढून टाकलं. या वेळी लिहायचं नाही, तोंडी सांगायचं. मी आणि सर एकेका खोलीत गेलो. प्रत्येकानं उतारा नीट सांगितला. शेवटी प्रत्येक जण थांबला आणि स्वतःच्या पायांकडे बघून तेच वाक्य म्हणाला. एका शब्दाचा फरक नाही. शेवटची खोली दर्शनाची होती.

“हे तुला कोणी सांगितलं?” सरांनी तिला विचारलं.

“कोनी नाय, सर. त्या पान्याचं सांगायला लागलं का तोंडात येते.”

“पायऱ्या मोजल्यास कधी?”

“नाय. आमी तिथं जातच नाय.”

सर भडकले. “चला, आत्ताच मोजून येऊ. काय तो सोक्षमोक्ष लागू दे.”

भर दुपारी सर, दर्शना आणि मी असे तिघं गेलो. वारा अजिबात नव्हता, वाडीतला पंपही बंद होता. सर मोठ्यानं मोजत उतरले. सातव्या पायरीवर पाणी बुटाला लागलं.

“सातच! बघा, सगळ्या थापा.”

आणि पाणी उतरलं. कुणी खालून घोट घ्यावा तसं, आवाज न करता. खालची पायरी वर आली, हिरवीगार.

“आठ,” सर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांचा वाटेना. त्यांनी पाय उचलला.

खरं सांगते, मी नुसती बघत राहिले. दर्शना धावत उतरली, मागून सरांचा शर्ट धरून तिनं जीव खाऊन ओढलं. “सर, मागं फिरा!” दोघं पाचव्या पायरीवर आपटले. सहावी आणि सातवी आमच्या डोळ्यांदेखत पाण्याखाली गेली. साधं ‘डुबुक’सुद्धा झालं नाही. मग पाणी पुन्हा पहिल्या जागेवर, सातवीपाशी आलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी शून्यं खोडली. पालकांना कोणी बोलावलं नाही. दर्शना आता दहावीत आहे.

त्या वह्या तेव्हा मीच तपासल्या. पदरचं वाक्य घातलं म्हणून चौघांचा पाचांतला अर्धा गुण कापला, नियम तो नियम. सरांनी वह्या मागवल्या आणि चारही ठिकाणी साडेचारचे पाच केले.

“सर, हे वाक्य उताऱ्यात नव्हतं,” मी म्हटलं.

“मान्य. पण मॅडम, उतारा कोणी लिहिला होता?”

उतारा माझाच होता. मुख्य मुद्दा सुटला तर गुण जातात, हे मीच वर्गात शिकवते.