सदस्य संख्या : दोन

बाबा मंगळवारी वारले. गुरुवारी राख सावडली. शुक्रवारी मी त्यांची मोटरसायकल घेऊन अभयारण्याच्या फाटकावर गेलो.

मधल्या दिवसांत घरात एकाच विषयावर बोलणं झालं, ते म्हणजे अस्थी कुठे न्यायच्या. बाबा एकदा जेवताना आईला म्हणाले होते, मले नदीत नेऊ नका, आपल्या तलावात टाका. भाऊजींच्या मते वैनगंगाच बरी होती. तिथपर्यंत रस्ता चांगला आहे आणि वाटेत नाश्त्याची सोय आहे. चारचाकी त्यांची असल्यामुळे त्यांच्या मताला वजन होतं. आईने खुंटीवरची मोटरसायकलची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. ती गाडी चालवायला घरातला सर्वांत अयोग्य माणूस मीच होतो, हे तिला माहीत होतं.

आपला तलाव म्हणजे आमच्या कोहळी, म्हणजे तलाव बांधणाऱ्या जातीतल्या, पूर्वजांनी मातीची पाळ घालून बांधलेला. गाव त्याच्या काठाशी होतं. पुढे जंगल राखीव झालं, गाव उठवून बाहेर बसवलं आणि तलाव आत राहिला. माणसांना उठ म्हणता येतं, तलावाला तशी नोटीस देता येत नाही.

सडक अर्जुनी गावापासून काही अंतर महामार्ग होता. मागून येणारे ट्रक हॉर्न वाजवून माझ्या वेगाबद्दलचं मत नोंदवत पुढे जात होते. मुंडण केलेल्या डोक्यावर बाबांचं हेल्मेट सैल बसत होतं. खड्डा आला की ते एका बाजूला फिरायचं आणि मला अर्धाच रस्ता दिसायचा. अस्थींचं गाडगं कापडी पिशवीत होतं आणि पिशवी हँडलला.

फाटकासमोर मुरमाचा चढ आहे. बरोबर तिथेच गाडी बंद पडली. न्यूट्रल सापडेना. साइड स्टँड लावला तर तो मुरमात रुतला आणि गाडी सावकाश माझ्या अंगावर कलू लागली. एका हाताने पिशवी आणि उरलेल्या सगळ्या अंगाने गाडी धरून मी फाटकाच्या आडव्या दांड्यासमोर उभा राहिलो. शेजारी सफारीच्या जिप्सीत शहरातले पर्यटक बसले होते. त्यांच्या कपड्यांवर पानांची छपाई होती, म्हणजे वाघाला ते दिसणार नव्हते. मला मात्र चांगले दिसत होते. त्यांच्यातल्या एकाने मोबाइल काढून माझं चित्रण सुरू केलं. वाघ दिसला नाही तरी त्यांची फेरी वाया जाणार नव्हती.

तिकीट खिडकीतून बाबूने सांगितलं की टू-व्हीलर अलाऊड नहीं है, पीछे लो. मी हललो नाही. हललो असतो तर गाडी पडली असती. त्याला वाटलं, मी अडून बसलो आहे. त्याने आवाज चढवून नियम पुन्हा सांगितला.

शेवटी खाकी साडीतली एक वनमजूर बाई झाडू टाकून आली. पन्नाशीची असेल. तिने मला कोपराने बाजूला केलं, स्टँडवर टाच दिली आणि गाडी मागे खेचून डबल स्टँडवर उभी केली.

"पायानं दाबाचं राह्यते, सर," ती म्हणाली. "हातानं उचलाची नसते. म्हैस हाये का ते?"

मी अर्ज आणला होता. तीन प्रतींत, विषय आणि संदर्भासहित. बाबूने तो शेवटपर्यंत वाचला, इतकं शुद्ध मराठी या खिडकीवर कधी आलं नव्हतं असं कौतुक केलं आणि अर्ज इथे घेत नाहीत म्हणून परत दिला. एका जिप्सीत जागा आहे, हवी का, असं त्याने आपणहून विचारलं. माणूस वाईट नव्हता. मी हो म्हटलं. त्याने रजिस्टर ओढलं आणि सदस्य संख्या विचारली.

"दोन," मी म्हणालो. तोंडून निघून गेलं.

"दुसरे कुठे आहेत?"

"पिशवीत."

त्याने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे. मग, रजिस्टरमध्ये आकडा लिहून झाला असल्यामुळे, त्याने दुसऱ्या सदस्याचं ओळखपत्र मागितलं. मृत्यूच्या दाखल्यासाठी बाबांचं आधार कार्ड माझ्या खिशात होतंच. त्याने ते उजेडात धरलं, नाव लिहिलं, वय लिहिलं.

"पिशवीत प्लास्टिक?"

"नाही. मातीचं गाडगं आहे."

"मग चालेल."

त्यानंतर त्याने उरलेले नियम सांगितले. गाडीतून उतरायचं नाही. पाण्याजवळ गाडी थांबणार नाही. आत कोणतीही वस्तू टाकली तर दंड. थोडक्यात, बाबांना त्यांचा तलाव दुरून दाखवून परत आणायची सोय होती.

खिडकीशेजारी नकाशाचा फलक आहे. छापलेलं काहीही वाचायची मला सवय आहे. वाघ, अस्वल, रानगवा, मचाण. मध्ये एक निळा डाग आणि त्याखाली पांढऱ्या अक्षरांत 'नैसर्गिक जलाशय'. मी ते दोनदा वाचलं. मग खिडकीशी जाऊन सांगितलं की ही नोंद चुकीची आहे, हा तलाव आमच्या माणसांनी बांधला आहे, त्याची पाळ डोक्यावर माती वाहून घातलेली आहे. बाबू नम्रपणे म्हणाला की सूचना ऑनलाइन टाका, सर.

मंगळवारपासून मला रडू आलं नव्हतं. भाऊजी रडले होते, शेजारी रडले होते, मी फक्त माणसांना चहा देत होतो. तिथे, फलकासमोर, एका चुकीच्या नोंदीवर मला रडू आलं. जिप्सीतला मोबाइल पुन्हा वर झाला.

ती बाई जवळ आली. काऊन रडता, असं तिने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पिशवीत डोकावली. मग गाडीचा नंबर पाहिला. ती आमच्याच उठवलेल्या गावची होती; मी तिला ओळखलं नव्हतं, तिने गाडी ओळखली.

"काकाजी गेले?"

मी मान हलवली. बाबांची इच्छा सांगितली, नियम सांगितले. तिने पर्यटकांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आतमधी टाकाल त पानी इकडंच येनार हाये ना. तलाव भरून वाहून राह्यला. रपट्याखालून पाट जाते. तिथं टाका. ते फाटकाच्या बाहेर हाये, तिथं कोनाचा नियम नाही."

इतकी शतकं पाणी वळवणाऱ्यांच्या घरात जन्मून हे मला सुचलं नव्हतं. मी अर्ज लिहिला होता.

गाडी तिनेच वळवून दिली आणि सोबत चालत आली. रजिस्टरमध्ये दोन सदस्य तसेच राहिले. खाडाखोड चालत नाही, बाबू म्हणाला. रपट्यापाशी, म्हणजे रस्त्यावरच्या ठेंगण्या पुलापाशी, पाट गुडघाभर होता. मी चपला काढून उतरलो आणि गाडगं रिकामं केलं. पाट पुढे ज्यांच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, जातो, त्यांच्याशी बाबांनी पाण्याच्या पाळीवरून जन्मभर भांडण केलं होतं. एक थेंब जास्त देणार नाही म्हणायचे. आता कुणाच्याही पाळीची वाट न पाहता ते सगळ्यांच्या बांधीत शिरले. ती बाई वर उभी राहून हसली, आणि मग पदराने डोळे पुसून झाडायला गेली.

घरी मी अस्थी तलावात टाकल्या असं सांगितलं. आईने एकच विचारलं, पाणी किती होतं. मी म्हटलं, भरपूर.

आता उन्हाळा आहे. पाट कोरडा पडला आहे. तलावात अजून पाणी आहे, असं आत जाऊन आलेले लोक सांगतात. मी पाहिलेलं नाही.